मोटरबोटीच्या प्रतिकृतीचे लाकडी कवच

मोटरबोटीच्या प्रतिकृतीचे लाकडी कवच म्हणजे इंजिनावर अथवा विजेच्या मोटारीवर चालणाऱ्या छोट्या नौकेचा पाण्यावर तरंगणारा मुख्य देह होय. इंग्रजीत या भागाला 'हल' असे म्हणतात. ते बांधण्यासाठी लागणारे लाकडी भाग, आराखडा व सूचना ज्या खोक्यात एकत्र मिळतात, त्याला संच किंवा 'किट' म्हणतात. संचातील भाग यंत्राने कापलेले असले, तरी कवच सरळ आणि दोन्ही बाजूंनी सारखे होणे हे बांधणाऱ्याच्या जुळणीवर अवलंबून असते. सांगाडा उघडा असेपर्यंत त्यातील पीळ हाताने काढता येतो. बाजू व तळाच्या फळ्या चिकटल्यानंतर कवच पेटीसारखे ताठ होते आणि राहिलेला पीळ कायमचा राहतो. त्यामुळे या बांधणीत कौशल्याइतकेच महत्त्व कामाच्या क्रमाला आहे.

कवचाचे प्रकार व कार्य

नौका आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारून तरंगते, हे आर्किमिडीजचे तत्त्व प्रतिकृतीलाही लागू आहे. पाण्यातील वर्तनावरून कवचाचे दोन मुख्य प्रकार मानतात.

पहिल्या प्रकारातील कवच पाणी बाजूला सारतच पुढे जाते. ओढबोटी, मासेमारी नौका व मालवाहू जहाजे यांच्या प्रतिकृती या प्रकारात येतात. त्यांचा तळ गोलसर असतो आणि त्यांचा वेग पाणरेषेच्या लांबीने मर्यादित होतो. पाणरेषेची लांबी फुटांत मोजून तिच्या वर्गमुळाला सुमारे १.३४ ने गुणले असता ही मर्यादा नॉटमध्ये मिळते.

दुसऱ्या प्रकारातील कवच पुरेसा वेग मिळताच पाण्यावर उचलले जाते आणि पृष्ठभागावरून घसरत धावते. या धावण्याला 'प्लेनिंग' म्हणतात. वेगवान मोटरबोटी, गस्ती नौका व टॉर्पेडो बोटी या प्रकारच्या असतात. त्यांचा तळ इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा असून तळ व बाजू जेथे मिळतात तेथे एक स्पष्ट धार असते. या धारेला 'चाइन' म्हणतात. बाजू व तळ हे दोन्ही पृष्ठभाग सपाट प्लायवुड वाकवून झाकता येत असल्याने लाकडी संचांत हाच प्रकार अधिक आढळतो. पुढील विवेचन मुख्यतः या प्रकाराविषयी आहे.

इतिहास

छोट्या प्रतिकृतीवरून मोठ्या नौकेचे वर्तन जाणण्याचे शास्त्र विल्यम फ्रूड या ब्रिटिश अभियंत्याने पायावर उभे केले. त्याने १८७२ मध्ये इंग्लंडमधील टॉर्की येथे चाचणी-कुंड बांधून त्यात मेणाच्या प्रतिकृती ओढून पाण्याचा रोध मोजला. छंद म्हणून चालणाऱ्या नौकांचा विकास त्याच सुमारास सार्वजनिक उद्यानांतील तलावांवर होत गेला. लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये १९०४ मध्ये वाफेवर चालणाऱ्या प्रतिकृतींचे मंडळ स्थापन झाले. ब्रिटनमधील 'मॉडेल पॉवर बोट असोसिएशन' ही संघटना १९२४ मधील आहे. रेडिओ-नियंत्रण येण्यापूर्वी नौका एका काठावरून सोडून समोरच्या काठावरील खुणेकडे सरळ नेण्याच्या स्पर्धा होत. पाण्यात गेलेल्या नौकेला वळवण्याचे कोणतेही साधन हातात नसल्याने कवचाचा सरळपणा हीच तिची खरी परीक्षा असे.

आरंभी कवच सबंध ठोकळ्यातून कोरीत, किंवा आतून पोकळ कापलेल्या फळ्या एकावर एक चिकटवून बाहेरून तासीत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पाण्याला दाद न देणारे कृत्रिम गोंद व त्यांनी जोडलेले प्लायवुड प्रचारात आले. युद्धात लाकडी टॉर्पेडो बोटींनी नाव कमावले आणि युद्धानंतर त्यांच्या प्रतिकृतींचे संच घरोघरी पोचले. ब्रिटनमधील एरोकिट्स आणि अमेरिकेतील स्टर्लिंग व ड्यूमास ही या क्षेत्रातील परिचित नावे होत. एरोकिट्सचा 'सी क्वीन' हा सुमारे ४६ इंच लांबीच्या नौकेचा संच आजही बांधणाऱ्यांच्या स्मरणात आहे. १९४७ मध्ये अमेरिकेत रे आर्डन याने ग्लो-प्लग बाजारात आणल्यावर लहान इंजिने हलकी झाली. पुढे रेडिओ-नियंत्रण स्वस्त झाले आणि नंतर ब्रशरहित मोटारी व लिथियम बॅटऱ्या यांनी इंजिनांची जागा मोठ्या प्रमाणात घेतली. प्रतिकृती-नौकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे नियमन करणारी 'नाविगा' ही संस्था १९५९ मध्ये स्थापन झाली.

जुन्या संचांत लाकडी पत्र्यावर भाग छापलेले असत आणि ते बांधणाऱ्याने करवतीने कापावे लागत. नंतर ठशाने दाबून कापलेले भाग आले. ठसा बोथट झाला की लाकूड कापले जाण्याऐवजी चेपले जाई. आता बहुतेक भाग लेझर किरणाने कापतात. त्यामुळे भाग अचूक मिळतात, परंतु जुळणीतील अचूकता त्याबरोबर आपोआप येत नाही.

संचातील घटक

कवचाच्या सांगाड्यात पुढील भाग असतात.

कणा : नाळेपासून पिछाडीपर्यंत जाणारा मधला उभा तुकडा. नौकेची बाजूने दिसणारी रेषा यावर ठरते. कोकणातील नौकाबांधणीत याला पठाण म्हणतात.

फासळ्या : कण्यावर ठराविक अंतराने काटकोनात बसणारे आडवे तुकडे. प्रत्येक ठिकाणी नौकेचा आडवा छेद कसा असावा हे त्या ठरवतात. कणा व फासळ्या यांना अर्ध्या-अर्ध्या खाचा असून त्या एकमेकांत अडकतात.

पिछाडीची फळी : कवच मागून बंद करणारी सपाट फळी.

लांब पट्ट्या : फासळ्यांच्या खाचांतून नाळेपासून पिछाडीपर्यंत जाणाऱ्या चौकोनी काड्या. चाइनवर एक व वरच्या काठावर एक अशा दोन्ही बाजूंना मिळून किमान चार असतात.

आवरण : बाजू व तळ झाकणारे पातळ प्लायवुडचे पत्रे किंवा अरुंद फळ्या.

यांशिवाय पंख्याच्या दांड्याची नळी, सुकाणूची नळी, मोटारीची बैठक व डेकच्या आडपट्ट्या हे भाग येतात. मोटार, पंखा, बॅटरी व रेडिओ-यंत्रणा सहसा वेगळी घ्यावी लागते.

लाकूड व गोंद

सांगाड्यासाठी ३ ते ६ मि.मी. जाडीचे आणि आवरणासाठी ०.८ ते १.५ मि.मी. जाडीचे बर्च प्लायवुड वापरतात. बाल्सा हे लाकूड अतिशय हलके असून त्याची घनता सर्वसाधारणपणे घनमीटरला १०० ते २०० किलोग्रॅम असते. बर्च प्लायवुड त्याच्या कित्येक पट जड पण बळकट असते. लांब पट्ट्यांसाठी सरळ रेषांचा स्प्रूस किंवा लाइमसारखे लाकूड उत्तम ठरते. जुन्या धर्तीच्या सहलीच्या मोटरबोटींवर शोभेसाठी महोगनीच्या पातळ फळ्यांचा शेवटचा थर देतात. भारतात मिळणाऱ्या मरीन प्लायवुडसाठी आयएस ७१० हे मानक आहे. त्याचा गोंद उत्तम असला, तरी ते फर्निचर व बांधकामाच्या जाडीत मिळत असल्याने लहान प्रतिकृतीच्या आवरणाला उपयोगी पडत नाही.

गोंदाची निवड सांध्यावरून करतात. सुतारकामातील साधा पांढरा गोंद पाण्याने मऊ पडतो, म्हणून कवचात तो टाळतात. पाण्याला टिकणारा पिवळा गोंद सांगाड्यासाठी सोयीचा असतो; सुकल्यावर तो सँडपेपरने घासता येतो. इपॉक्सी पाण्याला दाद देत नाही व लहान फटीही भरून काढते. त्यामुळे आवरणाचे सांधे, नळ्या व मोटारीची बैठक यांसाठी ते वापरतात. सायनोअॅक्रिलेट गोंद काही सेकंदांत धरतो, परंतु त्याचा सांधा ठिसूळ असतो आणि एकदा चिकटलेला भाग हलवून जुळवण्यास वेळ मिळत नाही. सरळपणा तपासायचा असेल अशा सांध्यांत त्याची घाई हीच उणीव ठरते.

बांधणीचे टप्पे

पूर्वतयारी. सर्व भाग आराखड्यावर ठेवून पडताळतात व त्यांवर क्रमांक लिहितात. कणा सपाट पृष्ठावर ठेवून तो वाकलेला नाही ना हे पाहतात. प्रत्येक फासळीवर मधली रेषा दोन्ही अंगांना काढतात. ही रेषा पुढील सर्व मोजमापांचा आधार असते. त्यानंतर गोंद न लावता संपूर्ण सांगाडा एकदा जोडून पाहतात. खाच घट्ट असल्यास ती कानशीने किंचित मोकळी करतात. ठोकून बसवलेली फासळी कण्याला वाकवते.

सांगाडा उभारणे. कवच बहुधा उलटे, म्हणजे तळ वर करून बांधतात. त्यासाठी जाड, सपाट फळी लागते. फळीवर मधली सरळ रेषा व तिला काटकोनात प्रत्येक फासळीची रेषा आखतात. फासळ्यांना वरच्या बाजूस जास्तीचे पाय ठेवलेले असतात. ते फळीवर टेकवून पक्के करतात आणि बांधणी संपल्यावर कापून टाकतात. प्रत्येक फासळी गुण्याने तपासून फळीशी काटकोनात आणतात. नाळेपासून पिछाडीपर्यंत ताणलेला दोरा सर्व फासळ्यांवरील मधल्या रेषांवरून गेला पाहिजे. ही तपासणी पूर्ण झाल्यावरच गोंद लावतात.

लांब पट्ट्या बसवणे. नाळेजवळ पट्टीला एकाच वेळी वाक व पीळ द्यावा लागतो. पट्टी काही वेळ पाण्यात भिजवून किंवा वाफ देऊन वाकवतात आणि सुकेपर्यंत जागेवर बांधून ठेवतात. एका बाजूच्या सर्व पट्ट्या आधी चिकटवल्यास त्यांचा ताण सांगाड्याला त्या बाजूकडे ओढतो. म्हणून डावी व उजवी पट्टी जोडीने बसवतात. वाळणासाठी वापरतात तसे कपड्यांचे चिमटे या कामी पुरेसे होतात.

तासणी. फासळ्यांच्या कडा काटकोनात कापलेल्या असतात, तर आवरण नाळेकडे तिरके वळते. त्यामुळे फासळ्या व पट्ट्या यांच्या कडांना योग्य उतार द्यावा लागतो. यासाठी लांब, सरळ पट्टीला सँडपेपर चिकटवून ती एकाच वेळी दोन-तीन फासळ्यांवरून फिरवतात. लहान तुकड्याने घासल्यास प्रत्येक फासळीपाशी खळगा पडतो. पातळ लवचीक पट्टी सांगाड्यावर टेकवून पाहिली असता ती सर्वत्र टेकली, कोठेही फट किंवा उंचवटा राहिला नाही, तर तासणी पूर्ण झाली असे समजतात. हे काम वेळखाऊ आहे, आणि आवरण कसे बसेल ते याच टप्प्यावर ठरते.

पीळ तपासणे. आवरणापूर्वीची ही शेवटची संधी असते. दोन सरळ, सारख्या जाडीच्या काठ्या घेऊन एक पिछाडीजवळ आणि दुसरी मध्यभागी चाइनवर आडवी ठेवतात व मागून डोळा लावून पाहतात. दोन्ही काठ्यांच्या वरच्या कडा समांतर दिसल्या पाहिजेत. एक कड दुसरीला छेदताना दिसली तर सांगाड्यात पीळ आहे. उघडा सांगाडा हलक्या हाताने उलट दिशेने पिळून, फळीवर पुन्हा पक्का करून तो सरळ करता येतो. तरीही न सुधारल्यास एखादा सांधा कापून पुन्हा चिकटवतात. या वेळी वाया गेलेला एक दिवस पुढील सर्व श्रम वाचवतो.

आवरण चढवणे. प्रथम जाड कागदाचा नमुना सांगाड्यावर बसवून कापतात व त्यावरून प्लायवुड थोडे मोठे कापतात. प्लायवुडच्या बाहेरच्या थरातील रेषा वाकाच्या अक्षाला समांतर असतील तर ते सहज वाकते. सहसा बाजूंचे पत्रे आधी व तळाचे नंतर बसवतात, आणि येथेही डावा-उजवा हा जोडीचा नियम पाळतात. सर्वांत नाजूक जागा नाळेजवळील चाइन ही होय. मागील भागात तळाचा पत्रा बाजूच्या पत्र्याच्या कडेवर चढतो. नाळेकडे मात्र दोघांमधील कोन उघडत जातो आणि दोन्ही कडा समोरासमोर भिडवाव्या लागतात. हा बदल जेथे होतो तेथे बाजूच्या पत्र्याला बारीक खाच देऊन सांधा फिरवतात. घाईने केलेल्या कवचांत पाणी बहुधा याच ठिकाणाहून शिरते.

फळ्यांचे आवरण असल्यास त्या मधून काठाकडे किंवा काठाकडून मधे, दोन्ही बाजूंना आळीपाळीने लावतात. नाळेकडे परीघ कमी होत असल्याने प्रत्येक फळी पुढच्या टोकाला निमुळती करावी लागते.

जलरोधन. डेक बंद करण्यापूर्वी आतील सर्व लाकडाला पातळ इपॉक्सी किंवा वॉर्निश देतात. हात न पोचणाऱ्या कोपऱ्यांत, विशेषतः दांड्याच्या नळीभोवती, दोन थर देतात. बाहेरून बारीक विणीचे काचकापड इपॉक्सीने चिकटवल्यास पातळ आवरणाला टणकपणा येतो व सांधे झाकले जातात. त्यानंतर पुट्टी, घासकाम व रंग असा क्रम असतो.

तळाची अचूकता

पाण्यावर उचलून धावणाऱ्या नौकेत तळाचा मागील अर्धा भाग लांबीच्या दिशेने सरळ असावा लागतो. पिछाडीजवळ तळ आत दबलेला असेल तर मागचा भाग जास्त उचलला जातो आणि नाळ पाण्यात दबते. उलट तेथे फुगवटा असल्यास नाळ वर उठते आणि नौका उड्या मारत धावते. तळ पिळलेला असेल तर एका बाजूस जास्त उचल मिळते, नौका कलते आणि सुकाणू सरळ असूनही वळत राहते. पंख्याच्या फिरण्याची प्रतिक्रिया यात भर घालते. मागून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणारा पंखा कवचाची डावी बाजू खाली दाबतो. नवशिके बांधणारे या दोषांचे खापर मोटार वा सुकाणूवर फोडतात. प्रत्यक्षात कारण बांधणीच्या फळीवर घडलेले असते.

चाइनची व पिछाडीची कड धारदार ठेवणे हेही तितकेच आवश्यक आहे. कड गोल केल्यास पाणी तिला चिकटून वर चढते व वेग कमी होतो. घासकाम करताना या कडा नकळत गोल होतात. म्हणून त्या इपॉक्सीने पुन्हा भरून, सरळ पट्टीने घासून धारदार करतात.

प्रमाण व वजन

प्रतिकृतीची लांबी ज्या प्रमाणात कमी होते, त्याच्या घनाच्या प्रमाणात वजन कमी झाले पाहिजे. उदाहरणार्थ, १९ फूट लांबीच्या मोटरबोटीची १:८ प्रमाणातील प्रतिकृती २८.५ इंच, म्हणजे सुमारे ७२ सें.मी. लांब होते. मूळ नौकेचे वजन १,५०० किलोग्रॅम धरल्यास ५१२ ने भागून प्रतिकृतीचे वजन सुमारे २.९ किलोग्रॅम येते. मोटार, बॅटरी, रंग हे सर्व यातच बसवावे लागते. त्यामुळे कवच हलके ठेवणे भाग पडते. अनावश्यक इपॉक्सी व पुट्टी हे वजनवाढीचे नेहमीचे कारण असते.

वेग मात्र प्रमाणाच्या वर्गमुळाने बदलतो. मूळ नौका ताशी ६० किलोमीटर धावत असेल तर १:८ प्रतिकृती ताशी सुमारे २१ किलोमीटर वेगाने तशाच लाटा उठवते. हा नियम फ्रूडच्या संशोधनातून आलेला आहे.

चाचणी

रंगापूर्वी कवच पाण्याच्या टाकीत ठेवून गळती पाहतात. नंतर सर्व यंत्रणा आत ठेवून पाणरेषा जुळते का ते तपासतात. बॅटरी पुढे-मागे सरकवून समतोल साधता येतो, म्हणून तिची जागा शेवटी पक्की करतात. वेगवान नौकेचा गुरुत्वमध्य सहसा मध्याच्या मागे असतो. नाळेत व पिछाडीत फोमचे तुकडे बसवल्यास पाणी शिरले तरी नौका तळाशी जात नाही. पहिली धाव कमी वेगाने व काठाजवळ घेतात.

सुरक्षितता

प्लायवुड व काचकापड घासताना उडणारी धूळ फुप्फुसांना अपायकारक असल्याने मुखपट्टी आवश्यक असते. इपॉक्सीचा त्वचेशी वारंवार संपर्क आल्यास अॅलर्जी जडू शकते, म्हणून हातमोजे वापरतात. लिथियम बॅटरी लक्ष न ठेवता चार्ज करू नये. चालत्या पंख्यापासून बोटे दूर ठेवावीत, आणि पोहणाऱ्या व्यक्तींजवळ वा पाणपक्ष्यांच्या वीणीच्या जागी नौका चालवू नये.

भारतीय संदर्भ

प्रस्तुत बांधणीत आधी सांगाडा व मग आवरण हा क्रम आहे. भारताच्या किनाऱ्यावरील शिवलेल्या नौकांच्या परंपरेत क्रम उलट असतो. तेथे फळ्या दोरीने शिवून आधी कवच उभे करतात व मग आत वाक, म्हणजे फासळ्या, बसवतात. अजिंठ्याच्या लेण्यांतील नौकेच्या चित्रावरून गोव्यात बांधलेली 'आयएनएसव्ही कौंडिण्य' ही नौका याच पद्धतीची असून ती २०२५ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाली. तिच्या आकाराची पाण्यातील चाचणी आयआयटी मद्रासमध्ये प्रतिकृतीवर घेण्यात आली होती. जुन्या नौकेचा आराखडा उपलब्ध नसताना प्रतिकृती किती उपयोगी पडते, याचे हे अलीकडचे उदाहरण होय.

राष्ट्रीय छात्र सेनेच्या नौदल शाखेत नौका-प्रतिकृती बांधणी हा प्रशिक्षणाचा भाग आहे. तरंगण्याचे तत्त्व, गुरुत्वमध्य, घनाचे प्रमाण आणि पाण्याचा रोध या पाठ्यपुस्तकातील संकल्पना या कामात हाताखालून जातात. तयार प्लॅस्टिक व फायबरच्या कवचांमुळे लाकडी संचांचे प्रमाण घटले आहे. तयार कवचाने वेळ वाचतो. मात्र नौका सरळ का धावते आणि का धावत नाही, हे सांगाड्यावर डोळा लावून पाहणाऱ्याला जितके कळते, तितके तयार कवच विकत घेणाऱ्याला कळत नाही.

हेही पाहा

जहाजबांधणी
आर्किमिडीजचे तत्त्व
विल्यम फ्रूड
प्लायवुड